चौथ्या पायरीची मूळव्याध: कापायची की लेझर?

शेवटची_लोकल
वडील ६८ वर्षांचे. वर्षापूर्वी कोंब बोटाने आत सारला की राहायचा, आता सारूनही आत जात नाही. लेंग्यावर रक्ताचे डाग पडतात आणि ते आईला न सांगता स्वतः धुतात. एक सर्जन म्हणतात कापून काढू. दुसरीकडे लेझर, 'सकाळी या, संध्याकाळी घरी'. माझा कौल लेझरला. या वयात बाबांना हाल कशाला?

रात्रपाळी
मीही याच जाहिरातीला भुललो होतो. दीड वर्षात कोंब परत हजर. लेझरने कोंबाच्या आतला भाग भाजून आक्रसतो, पण बाहेर लोंबणारं कातडं कुठे जाणार? दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला ठीक असेल. शेवटी कापूनच घेतलं. पहिल्या संडासला नळाची तोटी घट्ट धरून बसलो होतो, खोटं कशाला सांगू! पंधरा दिवस कोमट पाण्याच्या टबात बसणं, इसबगोल आणि शिव्या. त्याला आता तीन वर्षं झाली. रक्ताचा थेंब नाही.

खडीसाखर
पंधरा दिवस घरी बसायची चैन सगळ्यांना नसते, दादा. माझं किराण्याचं दुकान, गल्ल्यावर मी एकटी. मी स्टेपलर करून घेतलं. त्यात कोंब कापत नाहीत, वरच्या अस्तराचा पट्टा काढून खालचं सगळं वर ओढून टाचतात. तिथे दुखणं कळवणाऱ्या नसा जवळपास नसतातच. आठव्या दिवशी दुकानात होते.

जुना_कात्रीवाला
चाळीस वर्षं हेच काम केलंय, आता निवृत्त आहे. ताईंचं दुखण्याबद्दलचं म्हणणं खरं आहे. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर स्टेपलर विरुद्ध कापणं अशी चाचणी झाली, २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. पहिले काही आठवडे स्टेपलरवाल्यांना कमी दुखलं. दोन वर्षांचा हिशेब मांडल्यावर मात्र कापलेले जास्त सुखात होते, त्रास परत उद्भवण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी.

लंडनच्या सेंट मार्क्समधल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ साली मांडलेली पद्धत आजही टिकून आहे, ती उगीच नाही. हात मात्र सराईत हवा. जखमांच्या मधे चांगल्या कातडीच्या पट्ट्या राखाव्या लागतात, नाहीतर भरून येताना वाट अरुंद होते.

खडीसाखर
साहेब, चाचणीतली सरासरी माझं दुकान सांभाळायला येत नाही! आणि घाबरून वर्षानुवर्षं काहीच न करणाऱ्यांचं काय? त्यांना कमी दुखणारा उपाय निदान दवाखान्यापर्यंत तरी नेतो.

जुना_कात्रीवाला
हे मान्य. तुमच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण कोंब बाहेरच्या कातडीसकट कायमचा बाहेर असेल तर स्टेपलरने ती कातडी जात नाही. इथे प्रश्न त्या कोंबाचा आहे.

माळरान
क्षारसूत्राचं, म्हणजे आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याचं, कुणी नावच काढत नाही? त्यावर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची चाचणी झालेली आहे.

जुना_कात्रीवाला
झाली आहे, पण भगंदरावर. मूळव्याधीच्या खात्यात ती जमा करता येत नाही.

शेवटची_लोकल, तुमच्यासाठी वेगळं सांगतो. ६८ व्या वर्षी रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नका. आधी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करा. कोंब दिसला म्हणून वर आतड्यातली गाठ पाहायची राहून गेली, असे रुग्ण माझ्याकडे आलेले आहेत. प्रोस्टेटचा त्रास असेल तर तोही सांगा, ऑपरेशननंतर लघवी अडते. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कापल्यावर रक्तस्राव आठवड्या-दहा दिवसांनीही होऊ शकतो, घरी गेल्यावर.

शेवटची_लोकल
गोळी चालू आहे, स्टेंटनंतरची. लेझरवाल्यांनी विचारलं नाही, मीही बोललो नाही. आजपासून बंद करायला सांगू का?

जुना_कात्रीवाला
अजिबात नाही! गोळीचं काय करायचं ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील. दोन्ही डॉक्टरांचं एकमेकांशी बोलणं करून द्या.

शेवटची_लोकल
कोलोनोस्कोपी गुरुवारची मिळाली. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आईला काय सांगायचं?" ती शेजारीच उभी होती. म्हणाली, "लेंगे वाळत कोण घालतं?"