बोटीवरच्या वाऱ्याचा वेग बोयापेक्षा कमी का येतो?

प्रश्न: मानवरहित बोटीवर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी वारा मोजणारा) वायुवेगमापक पाण्यापासून 3.5 मीटरवर बसवलाय. जवळच्या बोयाचे (नांगरलेल्या तरंगत्या मापनयंत्राचे) आकडे 10 मीटर उंचीचे आहेत. आमचा वेग साधारण दहा टक्के कमी येतो. आर्द्रताही काही दिवसांनी 100 टक्क्यांवर अडकते. सेन्सर बदलावेत का?

उत्तर 1: वायुवेगमापक राहू द्या, आधी उंचीचा हिशेब करा. उंचीनुसार वारा कसा वाढतो ते सांगणाऱ्या लॉग नियमात खरबरीतपणाची लांबी (पृष्ठभाग वाऱ्याला किती अडवतो त्याचं माप) 0.0002 मीटर धरली, तर 3.5 वरून 10 मीटरवर नेताना गुणक 1.11 येतो. तुमचा फरक जवळपास तेवढाच! हवा आणि पाण्याच्या तापमानात मोठा फरक असेल तर मात्र हवेच्या थरांच्या स्थिरतेची दुरुस्तीही लागेल.

उत्तर 2: हिशेबाचा क्रमही तपासा. प्रत्येक नमुन्यातला बोटीच्या कलण्याचा परिणाम आधी काढून टाकायचा, जीपीएसवरून आलेला बोटीचा वेग वाऱ्याच्या वेगात सदिश पद्धतीने (दिशेसह) जोडायचा, मगच सरासरी. सरासरी आधी काढली की डोलण्याचा परिणाम आकड्यात कायमचा मुरतो.

उत्तर 3: आर्द्रतेचा दोष बहुधा मिठाचा. सेन्सरच्या फिल्टरवर साचलेलं मीठ साधारण 75 टक्क्यांपुढे पाणी ओढून विरघळतं आणि सेन्सर त्या ओलीचंच मोजमाप देतो. बोट परतल्यावर फिल्टर बदला. पुढच्या फेरीला तापवलेला प्रोब (मोजणारं टोक) लावा.

जाता जाता, वायुभारमापकाचं तोंड उघडं ठेवू नका. सेकंदाला 20 मीटर वाऱ्यात गतिज दाब (वाऱ्याच्या जोरामुळे पडणारा जादा दाब) 2.4 हेक्टोपास्कलपर्यंत जातो. स्थिरदाब पोर्ट, म्हणजे वाऱ्याचा जोर आत न घेणारं तोंड, हवाच.