गाड्यावर कळतं ते घरून काम करणाऱ्यांपर्यंत कसं पोचवायचं?

पर्वरीकर:
पणजीत पाटोवर ऑफिस, सपोर्ट टीम. बिलिंगचा रात्रीचा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) का अडकतो, कुठला सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी कुणाला फोन लावायचा, हे सगळं आमच्याकडे खाली गाड्यावर भजी-पाव खातानाच कळतं. आता दोघं घरून काम करतात, एक काणकोणहून, एक सावंतवाडीहून. त्यांना यातलं काही कळत नाही. मॅनेजरनं शुक्रवारी चारला ‘नॉलेज शेअरिंग’ लावलंय. कॅमेरे बंद, सगळे गप्प. तुमच्याकडे काय चालतं?

फोंड्याचा सर्व्हरवाला:
बाब, शुक्रवारी चारला माणूस मनानं म्हापशाच्या आठवडी बाजारात असतो. ते सेशन बंदच करा.

गाड्यावर कोणी ज्ञान देत नाही, किस्से सांगतो. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात झेरॉक्सच्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्यांबरोबर फिरून हेच टिपलं. मॅन्युअल असूनही ती माणसं एकमेकांच्या बिघाडकथांवर शिकत. पुढे तिथं तंत्रज्ञांच्याच टिपांचा ‘युरेका’ डेटाबेस झाला, टीप देणाऱ्याच्या नावासकट. नाव असलं की माणूस नीट लिहितो.

आमच्याकडे तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करणारा तीन ओळी लिहितो: काय दिसलं, आधी कशावर संशय गेला, निघालं काय. परवाचंच बघा. ‘साइट बंद, “डिस्क फुल”चा एरर. डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारलं तर जागा भरपूर, म्हणून परवानग्या तपासत बसलो. डीएफ आय मारल्यावर कळलं, आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदींच्या जागा, संपलेत. वापरकर्त्यांच्या सेशनच्या बारीक फायली कोणी साफच केल्या नव्हत्या.’ ती मधली ओळ मॅन्युअलात कधी सापडायची नाही.

कुडचडेची टेस्टर:
आणि स्लॅक (ऑफिसचं चॅट ॲप) फुकटचं असेल तर त्यावर विसंबू नका, ९० दिवसांमागचं दिसत नाही. शिवाय नवी मुलं खासगीत विचारतात, उत्तर तिथंच मरतं. आमच्या सीनियर ताई स्वतःच्या शंका मुद्दाम चॅनेलवर टाकतात, तेव्हापासून बाकीच्यांची भीड चेपली.

पर्वरीकर:
तीन ओळी पटल्या. पण आमचे दादा तोंडी तासभर बोलतील, लिहायचं म्हटलं की मीटिंग आठवते त्यांना.

फोंड्याचा सर्व्हरवाला:
त्यांना लिहायला सांगताच कशाला? कॉल लावा, ते बोलतील, कीबोर्ड नव्या पोराच्या हातात. टीपही तोच लिहील. त्यात काही चुकलेलं दिसलं की दादा दुरुस्त केल्याशिवाय राहतात का बघा.

पर्वरीकर:
हाहा, ते तर स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत. सोमवारी साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट रिन्यू करायचंय, काणकोणच्या मुलीला त्यांच्यासोबत बसवतो.