मॉक ड्रिल असताना सिम्युलेटर कशाला?
आपत्तीच्या ठिकाणी सगळी सूत्रं हाती असलेल्या कमांडरच्या प्रशिक्षणाला मैदानी मॉक ड्रिल पुरेसं आहे, संगणकावर घटना उभी करणारा सिम्युलेटर नको, हे मत मला पटत नाही. ड्रिलमध्ये होज, शिडी, स्ट्रेचर यांचा सराव होतो; कमांडरच्या निर्णयाची परीक्षा होत नाही, कारण वारा आणि गळती आधीच ठरलेली असते.

गोव्यात वेर्णा-वास्को रस्त्यावर अमोनियाचा टँकर उलटला असं धरा. किनाऱ्याजवळ दुपारचा वारा समुद्राकडून, रात्रीचा जमिनीकडून. प्रशिक्षकाने सिम्युलेटरमध्ये मध्येच दिशा फिरवली की कमांड पोस्ट (कमांडरचं ठाणं) आणि स्टेजिंग एरिया (गाड्या, माणसं तयार ठेवायची जागा) दोन्ही हलवावे लागतात. चुकतं ते इथेच: अमोनिया हवेपेक्षा हलका म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण दाबाखालून सुटलेला थंड ढग जमिनीलगतच सरकतो. साचलेल्या द्रवावर पाणी मारलं तर वाफ आणखी वाढते. फवारा ढगावर हवा, द्रवावर नव्हे.

दुसरं म्हणजे, एका अधिकाऱ्याच्या हाताखाली ३ ते ७ जण, शक्यतो ५. गाड्या वाढूनही ऑपरेशन्स प्रमुख (प्रत्यक्ष कारवाई सांभाळणारा अधिकारी) नेमला नाही तर सगळे थेट कमांडरशीच बोलतात आणि वायरलेस तुंबतो. म्हणून सिम्युलेटरमध्ये महागड्या ग्राफिक्सपेक्षा खरे वायरलेस संच आणि कागदी फॉर्म द्या. कमांडरला पूर्ण नकाशा मुळीच दाखवू नका. त्याला फक्त वायरलेसवरून कळेल तेवढंच कळू दे.