मदत हवी आहे : उन्हाळ्याच्या सुट्टीची वाटणी

नमस्कार. मी कोथरूडला राहते. तीन वर्षांपूर्वी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. नऊ वर्षांची लेक माझ्याकडे असते. तिचे बाबा आता नोकरीसाठी बंगळुरूला आहेत. संमतीच्या अटींत एवढंच आहे, ‘उन्हाळ्याच्या सुट्टीतले निम्मे दिवस वडिलांकडे’. कुठले निम्मे, ने-आण कोणी करायची, तिकिटांचा खर्च कोणाचा, काहीच नाही. तेव्हा तेही पुण्यातच होते, सुचलंच नाही.

यंदा त्यांना सगळा मे महिना हवाय. मेमध्येच माझ्या भावाचं लग्न, आणि लेक करवली! फोनवर रोज वाद होतात. माणूस वाईट नाही, रोज रात्री आठला तिला न चुकता फोन करतात. पण परवा ती झोपताना म्हणाली, “आई, मी कोणाला नाही म्हणू?” तेव्हापासून मला झोप नाही.

हिंदू विवाह कायदा, १९५५च्या कलम २६ नुसार ताब्याचा आदेश नंतर बदलून मागता येतो, हे माहीत आहे. पण आधी बोलून मिटावं असं वाटतं. कोणी तारखांसकट लेखी वेळापत्रक केलंय का? एक वर्ष पहिला अर्धा, पुढच्या वर्षी दुसरा, असं? ते कोर्टात नोंदवून घेतलंत का? समुपदेशकांचा उपयोग झाला का? आणि उद्यान एक्स्प्रेसने तिला सोडायला कोणी जावं, तुमच्याकडे काय ठरलंय?

कृपया अनुभव सांगा. शाळेची परीक्षा संपायच्या आत ठरवायचंय.