मदत हवी आहे: व्हीएसएलचा फनेल प्लॉट एकीकडे झुकलाय, सरासरी कोणती धरू?

अर्थवेडी: एमएच्या प्रबंधासाठी व्हीएसएलवर (व्हॅल्यू ऑफ स्टॅटिस्टिकल लाइफ, म्हणजे मृत्यूचा धोका थोडा कमी व्हावा म्हणून लोक किती पैसे सोडतात त्यावरून काढलेली एका जिवाची किंमत) मेटा-अ‍ॅनालिसिस करतेय, म्हणजे आधीच्या अभ्यासांचे अंदाज एकत्र तपासतेय. फनेलची (प्रत्येक अंदाज आणि त्याची अचूकता दाखवणारा आलेख) डावी, म्हणजे कमी आकड्यांची बाजू जवळजवळ रिकामी आहे आणि पेट-पीझ (असा झुकाव दुरुस्त करायची पद्धत) लावलं की सरासरी धाडकन खाली येते. गाइड म्हणतात एवढी घट शक्यच नाही. सोमवारी चॅप्टर द्यायचाय, प्लीज लवकर सांगा.

सह्यवारा: अंदाज पगारावरून काढलेले की सर्व्हेवरून? देश कुठला? एका पेपरातून एकच आकडा घेतलाय की सगळे?

अर्थवेडी: पगारावरून, धोक्याच्या कामाला किती जास्त मिळतात ते. बहुतेक अमेरिका.

मीटरडाऊन: मग गाइडना डुकुलियागोस, स्टॅन्ली आणि जाइल्स यांचा २०१२चा पेपर दाखवा. पब्लिकेशन बायस (ठरावीक आकडेच छापून येण्याचा कल) काढला की पगारावरच्या अभ्यासांची सरासरी ७० ते ८० टक्के उतरते हेच त्यात आहे. जिवाची किंमत ऋण आली तर ती छापायला कोण धजावणार, आणि छोट्या सॅम्पलमध्ये आकडा भलामोठा आला तरच सिग्निफिकंट (निव्वळ योगायोग नसलेला) ठरतो, म्हणून तेच छापून येतात.

वकीलकाका: अगं, अपघाती मृत्यूची किंमत कोर्टाने ठरवलेली आहे. सरला वर्मा निकाल, २००९ बघ. वय २१ ते २५ असेल तर भरपाईच्या हिशोबात गुणक १८.

सह्यवारा: काका, ती गेलेल्या माणसाची भरपाई झाली. इथे दहा हजार जणांनी आपला धोका दहा हजारात एकाने कमी व्हावा म्हणून प्रत्येकी हजार डॉलर सोडले तर व्हीएसएल एक कोटी डॉलर, असा हिशोब असतो.

निवांत_पुणे: माणसाच्या जिवाला किंमत लावायचीच कशाला??

मीटरडाऊन: कारण रस्त्याला कठडा बांधायचा की नाही ते यावर ठरतं. अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा २०२३चा आकडा १ कोटी ३२ लाख डॉलर आहे, तो फुगलेला असेल तर सगळी गणितं बदलतात.

डेटावाली: पण सरसकट ८० टक्के कापू नका हो! अमेरिकेतल्या कामावरच्या मृत्यूंची सीएफओआय ही सरकारी नोंद १९९२पासून आहे, प्रत्येक मृत्यू कागदपत्रांवरून पडताळलेला. ती वापरणाऱ्या अभ्यासांत बायस बराच कमी असल्याचं अर्थशास्त्रज्ञ व्हिस्कुसींनी २०१५ मध्ये दाखवलंय.

मीटरडाऊन: व्हिस्कुसींचे स्वतःचे अंदाजही त्याच ढिगात आहेत.

डेटावाली: म्हणून पडताळलेली नोंद चुकीची ठरते का? जुन्या डेटात धोकाच नीट मोजलेला नाही, त्याचा दोष बायसवर कशाला?

सह्यवारा: भांडण राहू द्या, माझा शेवटचा प्रश्न तसाच आहे: एका पेपरातून एकच आकडा की सगळे?

अर्थवेडी: सगळे घेतलेत, काही पेपरांतून वीस-वीस.

सह्यवारा: मग एका पेपरातले आकडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून स्टँडर्ड एरर पेपरनुसार क्लस्टर करा (एका पेपरातले आकडे एक गट धरून), सीएफओआयचा डमी टाका (ती नोंद वापरली असेल तर १, नाहीतर ०) आणि दोन्ही गटांचे आकडे वेगळे द्या. एकच सरासरी देऊ नका, गाइड तिथेच पकडतील.