एमडीआर-७५०६: नवे पॅड लावल्यावर बेस गेला, शिवाय डावी बाजू जाते-येते

खर्जातला_सा
मंडळी, सोनीच्या एमडीआर-७५०६ हेडफोनला बऱ्याच वापरानंतर नवे पॅड हवे होते, म्हणून बाजारातले जाड मखमली पॅड बसवले. कानाला मऊ आहेत, पण डग्गा पार पातळ झाला आणि 'स', 'श' आणखी टोचायला लागले. दुसरं दुखणं वेगळं आहे. जॅकपाशी केबल वाकवली की डावी बाजू बंद, सरळ केली की चालू. कधीकधी दोन्ही बाजू वाजतात, पण गायकच गायब! नुसती वाद्यं, तीही विहिरीतून आल्यासारखी. ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा छोटा स्पीकर) गेला का? घरी २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न आणि साधा मल्टीमीटर आहे. टोचरेपणासाठी ड्रायव्हरसमोर टिश्यू पेपर लावतात म्हणे, त्याचंही सांगा.

तांब्याची_तार
ड्रायव्हर ठणठणीत आहेत. गायक गायब होणं ही ग्राउंड तुटल्याची पक्की खूण. दोन्ही बाजूंची परतीची तार, म्हणजेच ग्राउंड, जॅकच्या मागच्या (केबलकडच्या) धातूच्या भागावर एकत्र येते. ती सुटली की दोन्ही ड्रायव्हर सिरीजमध्ये (एकापाठोपाठ एक) जोडले जातात आणि डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो. गायक दोन्हीकडे सारखाच मिसळलेला असतो, म्हणून तो वजा होतो. डावी बाजू जाते-येते म्हणजे जॅकच्या टोकाला जाणारी तारही तुटत आली आहे. दोन्ही दोष जॅकच्या मुळाशीच.

खात्री करा. मीटर २०० ओहमवर, एक प्रोब जॅकच्या मागच्या भागावर. दुसरा टोकावर ठेवला की डावी बाजू, मधल्या रिंगवर ठेवला की उजवी. हा ६३ ओहमचा हेडफोन आहे, मीटरवर ६० च्या आसपास दिसेल. प्रोब टेकताना ड्रायव्हरमध्ये बारीक 'खुट' वाजतं, कान देऊन ऐका. केबल वाकवताना आकडा उडाला की निदान झालं.

साच्यात ओतलेला जॅक उघडत नाही, त्यामुळे कापावाच लागतो. जॅकपासून ४-५ सेंमी सोडून कापा, तुटका भाग निघून जातो. आत तीन किंवा चार तारा निघतील. रंगांवर विसंबू नका. टोकांचा इनॅमल, म्हणजे तारेवरचा वीजरोधक पातळ थर, काढून (कसा ते खाली सांगतो) मीटर लावा. तीनच असतील तर ज्या दोघींत १२० च्या आसपास येईल त्या डावी-उजवी, उरलेली ग्राउंड. डावी कोणती ते 'खुट' कुठे वाजतं त्यावरून कळतं. चार असतील तर त्यांतल्या दोन परतीच्या, त्या पिळून एकत्र करायच्या.

तारा उघड्या तांब्याच्या दिसल्या तरी प्रत्येक धाग्यावर इनॅमल असतो आणि मध्ये नायलॉनचे तंतू. तंतू कात्रीने छाटा. आयर्नच्या टोकावर ताज्या ६०/४० (कथील-शिसं) सोल्डरचा थेंब घ्या आणि तार रोझिन फ्लक्स लावून त्या थेंबात बुडवून ठेवा. इनॅमल जळून धूर येतो आणि तार चंदेरी होते. तोवर जोड करू नका. वरून चिकटलेला दिसतो, आतून मीटर काही दाखवत नाही. नळाच्या कामाचा आम्लवाला फ्लक्स तर अजिबात नको, वर्षभरात तार हिरवी पडून खाल्ली जाते.

सोल्डर करण्याआधी जॅकची टोपी आणि हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी केबलमध्ये ओवून घ्या. सगळेजण इथेच चुकतात. जॅक एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खुपसून काम करा, म्हणजे आतलं प्लास्टिक वितळलं तरी रिंगा जागच्या हलत नाहीत. एका जोडाला ३ सेकंद पुरे.

पडदा_आणि_पोकळी
आता पॅड. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये खर्ज टिकतो तो कानाभोवतीची हवा कोंडलेली राहते म्हणून. मखमल हवा सोडते. गाणं लावून दोन्ही कप तळहातांनी हलके दाबा. डग्गा परत आला तर गळती आहे. दाबूनही फारसा फरक नाही, तर पॅडच्या जाडीमुळे कान ड्रायव्हरपासून लांब गेला आहे आणि मधली पोकळी वाढली आहे. तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहे. त्यात चष्मा असेल तर काडीखालूनही हवा जाते.

आधी पॅडची ओठासारखी कड कपाच्या खाचेत पूर्ण बसली आहे का पाहा. एका जागी दुमडलेली असली तरी तेवढ्यानेच बेस जातो. मखमलीच हवे असतील तर पॅडच्या बाहेरच्या भिंतीला सलग कापडी टेप गुंडाळा, कानाला टेकणारी बाजू मोकळी ठेवा. निम्मी गळती त्यात थांबते. पण माझं मत विचाराल तर मूळ मापाचे, पातळ, कृत्रिम चामड्याचे पॅड घ्या. या हेडफोनचा आवाज त्याच मापावर बेतलेला आहे.

आणि हो, जादा जोड्या घेऊन ठेवू नका. स्वस्त कृत्रिम चामड्यातलं पॉलियुरेथेन दमट उष्ण हवेत आपोआप तुटतं. मुंबई-कोकणात तर न वापरता डब्यात ठेवलेल्या पॅडचेही पोपडे निघतात.

खर्जातला_सा
मोजलं. दोन्हीकडे ६१, वाकवलं की टोकावर आकडा उडतो. कप दाबल्यावर बेस परत येतो. पॅड बदलतो. टिश्यूचं काय?

पडदा_आणि_पोकळी
टिश्यू चालतो, पण मूळ मापाचे पॅड लावून आधी ऐका. निम्मा टोचरेपणा बेस गेल्यामुळेच वाटत असतो. तरीही हवाच असेल तर दुपदरी टिश्यूचे पदर सुटे करून एकच पदर घ्या. ड्रायव्हर ४० मिमीचा आहे, ४५ मिमीची चकती कापा. ती ड्रायव्हरवरच्या जाळीवर ठेवा, वरून पातळ फोम. ड्रायव्हरच्या थरथरणाऱ्या पडद्याला काहीही टेकता कामा नये. जुना फोम हाताला भुगा होत असेल तर तो पूर्ण काढा. त्याचा कण पडद्यावर गेला तर खर्जात चरचर येते. नवा २-३ मिमी जाडीचा आणि फुंकर आरपार जाईल असा हवा.

आधी एकाच बाजूला लावा आणि मोनो (दोन्हीकडे सारखाच आवाज असलेलं) गाणं ऐका. फरक लगेच कळतो. मागची भोकं मात्र बुजवू नका, त्याने खर्जच बिघडतो. फेविक्विक ड्रायव्हरजवळ नको, त्याची वाफ पडद्यावर पांढरी बसते. पेचकस चुंबकाकडे ओढला जातो, तो हातात घट्ट धरा.

पट्टी_काळी_चार
टिश्यूसाठी हेडफोन उघडायचा कशाला? विंडोज संगणकावर इक्वलायझर एपीओ हे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर वापरा. ९ किलोहर्ट्झच्या आसपास ४ डेसिबल कमी करा, क्यू (पट्टा किती अरुंद ते ठरवणारा आकडा) २. नेमकी जागा प्रत्येकाच्या कानाप्रमाणे थोडी सरकते, म्हणून ७ ते ११ मध्ये हळूहळू फिरवून पाहा. पटलं नाही तर एका क्लिकवर मूळ आवाज परत. बेसची गळती मात्र इक्वलायझरने भरून काढू नका, जबडा हलला की गळती बदलते आणि सगळं गणित चुकतं.

तांब्याची_तार
सहमत. टिश्यू शेवटी.

जॅकबद्दल राहिलंच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाताना केबलचा कापलेला तुकडा सोबत न्या आणि टोपीच्या भोकातून घालून पाहा. स्वस्त जॅकचं भोक अरुंद असतं. आणि मूळ जॅकवर ६.३ मिमीचा अडॅप्टर आट्यांवर फिरवून बसतो. नव्या साध्या जॅकला आटे नसतात, तो अडॅप्टर मग सैल राहतो. मिक्सरला लावत असाल तर खटक्याने बसणारा वेगळा अडॅप्टर त्याच फेरीत घ्या.