मदत हवी आहे: व्यायाम सुरू आहे, प्रथिनं वाढवली, वजन तेवढंच. आता बघायचं काय?

वय ४६, वजन ७४ किलो. एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तपासणी) ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ट्रायग्लिसराइड्सही (रक्तातली चरबी) जरा जास्त. औषध चालू नाही, मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक आहेत. थायरॉइडही पाहून झालं.

आधी फक्त चालत होते, साखरेत ढिम्म फरक नाही. मग आठवड्यातून तीनदा वजनं उचलायला लागले: स्क्वॉट, डेडलिफ्ट, रोइंग. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात, हे वाचूनच तिकडे वळले. प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅमवरून साधारण १.४ वर नेली. ताकद वाढली, कंबर थोडी उतरली, पण वजनकाटा हलायला तयार नाही. एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे ते पुन्हा करायला अजून वेळ आहे.

उपाशी राहणं किंवा कर्बोदकं पूर्ण बंद करणं मला जमणार नाही, तेव्हा कृपया ते सुचवू नका. पावडरही शक्यतो नको. (डॉक्टर म्हणतात "चालू ठेवा", एवढंच.)

ज्यांनी हे केलंय किंवा या क्षेत्रात काम करतात, त्यांना विचारायचंय: वजन न घटता, नुसत्या स्नायू आणि कंबरेतल्या बदलाने साखर खाली येते का? की प्रथिनं १.४ वरच ठेवून एकूण उष्मांक थोडे कमी करावेच लागतील? आणि पुढच्या तपासणीत उपाशीपोटीचं इन्सुलिन मोजून घेण्यात अर्थ आहे का?